सोमीनं आधी लहान मागितलं

चार दिवस झाले, पाऊस लागूनच होता. जोर म्हणावा तर जोर नाही, उघडीप म्हणावी तर ढगाला कुठं फट नाही. वांगणीच्या उतारावरची खाचरं गढूळ पाण्यानं भरून एकीतून दुसरीत सांडत होती. सोमी उजाडायच्या आधीपासून वाकलेली होती. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेऊन कमरेला सुतळीनं बांधलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. भाताची रोपं उपटायची, मुळांची माती पायावर आपटून झाडायची, मूठभर झाली की काडीनं बांधून मागं टाकायची. रोपांना इकडे आवण म्हणतात. नऊ वाजेपर्यंत तिच्यामागं मुठींची रांग लागली होती. कंबर दुखायची ती सकाळीच दुखून झाली होती. आता ती आहे की नाही तेही कळत नव्हतं.

पलीकडच्या खाचरात तिचा नवरा ढवळू बैलांमागं चिखल करत होता. सोमीच्या शेजारी त्यांची थोरली, सपना. तिच्या मुठी सैल बांधल्या जात. सोमी त्या गुपचूप सोडून परत बांधी, बोलत नसे. पोरगी पहिलीपासून आश्रमशाळेत. आवणीचे, म्हणजे रोपं लावायचे दिवस तिनं वर्गाच्या खिडकीतूनच बघितलेले.

बारावी सायन्सला सपनाला नव्वदच्या वर टक्के पडले होते. प्रवेशपरीक्षेतही गुण चांगले. मोखाड्याकडच्या तिच्या शाळेत एवढे आजवर कुणाला पडले नव्हते. सरांनी फळ्यावर नाव लिहिलं, पेढा दिला. मग सरांची बदली झाली आणि एवढ्या गुणांचं पुढं करायचं काय, हे वांगणीत कुणालाच माहीत नव्हतं. सपनाला शेतीची पदवी करायची होती. ढवळू तेव्हा हसला होता. "आवणी शिकवाया मास्तर कशाला? मी फुकट शिकवतो. वर भाकर देतो."

आज प्रवेशाच्या पहिल्या फेरीचा निकाल होता. मोबाइलला सिग्नल मिळतो तो फक्त शाळेमागच्या टेकाडावर. सपना हात धुऊन गेली ती बराच वेळ आलीच नाही. सोमीनं दोनदा मान वर करून बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा पोरगी बांधावर उभी होती, मोबाइल पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलेला.

"लागला का नंबर?"

"लागला."

"कठं?"

"घाटावरच्या कॉलेजात. आपण पयला लिवला होता त्यात."

"मंग बेस झाला की!" सोमी सरळ उभी राहिली आणि पलीकडं ओरडली, "ऐकलास का रे! पोरीचा नंबर लागला!"

सपना बांधावर बसली. चिखलातच. "आये, तठं शिकायची फी माफ होयेल. पण होस्टेल, मेस, डिपॉझिट धरून वर्षाला सत्तर हजार. तीन दिवसांत भरायचे."

"आन तो सरकारी?"

"सरकारीत आठ-दहा हजारांत वर्ष निघत होता. माझे गुण बसत होते तठं. पण पयला लिवलेला मिळाला का तोच पक्का. मंग खालचा कोणी बघत नाय. पुढच्या फेरीतपण नाव नाय."

सोमीच्या हातात अर्धी मूठ होती. ती तिनं पुरी केली, बांधली, मागं टाकली आणि पुन्हा वाकली. वाकलं की तोंड कुणाला दिसत नाही.

पहिलं कोणतं लिहायचं ते तिनंच सांगितलं होतं.

सोमी चौथी शिकलेली. लग्नाला वीस वर्षं झाली आणि त्या वीसही वर्षांत दिवाळी सरली की ती आणि ढवळू घाट चढून द्राक्षबागांत कामाला गेले, होळीला परतले. बागेत नेणारा मुकादम भाताची कापणी आटोपली की पाड्यावर येतो, दारोदार नावं लिहून घेतो. मोठी बाग सगळ्यांनाच हवी असते. तिथं पत्र्याची का होईना खोली मिळते, दारात नळ असतो. पण पहिल्याच बोलण्यात कुणी मोठी बाग मागितली की मुकादम वही मिटतो. "तुला आता बंगलाच बांधून देतो," म्हणतो आणि पुढच्या घराकडं वळतो. म्हणून सोमीच्या बापानं तिला शिकवून ठेवलं होतं. आधी लहान माग. कुणी मागत नाही ती बाग माग. नाव वहीत चढू दे. मग दोन दिवसांनी मुकादम चहाला टेकला की हळूच म्हण, जमलं तर मोठीकडं बघा. सोमीचं बिऱ्हाड एकाही साली कामावाचून घरी राहिलं नाही. मुकादम यायचा असला की पाड्यावरच्या बाया आधी सोमीच्या ओट्यावर येऊन बसत. काय बोलायचं, किती बोलायचं, ते विचारून जात.

जूनमधल्या बाजाराच्या दिवशी मायलेकी मोखाड्याला चंदूच्या दुकानात बसल्या होत्या. चंदू ऑनलाइन फॉर्म भरून देतो. बाजारादिवशी त्याच्या दारात चपलांचा ढीग असतो. सपनाचे कागद स्कॅन करून झाल्यावर त्यानं मान वर केली आणि विचारलं, "बोला मावशे, कॉलेजं कुठल्या नंबरानं टाकू?"

त्यानं हे सोमीला विचारलं. पैशाची पिशवी तिच्या मांडीवर होती म्हणून असेल.

बारा वर्षांत पोरीच्या शिक्षणातलं सोमीला कुणी काही विचारलं नव्हतं. शाळा शाळेनं ठरवली, सायन्स सरांनी ठरवलं. सातवीत पोरीला ताप आला तर बागेत निरोप पोचायला चार दिवस लागले. तोवर ताप उतरलाही होता. इथं सही करा, तारीख टाका, एवढ्यापुरतं तिला बोलावत. ती सुट्ट्यांपुरती, दिवाळीची आई होती आणि मे महिन्याची. चंदूनं विचारल्यावर ती पदर सावरून बसली.

"हा घाटावरचा कसा हाय?"

"खाजगी. कुणालाही मिळतं. गेल्या वर्षी जागा रिकाम्या होत्या."

"आन सरकारी?"

"त्याला लय गुण लागतात. मारामारी असते तिथं."

कुणालाही मिळतं ते लहान. लहान ते स्वस्त. मारामारी असते ते मोठं, महाग. सोमीला हे उघड दिसत होतं. शिवाय घाटावरचा तो रस्ता तिच्या पायाखालचा होता. "मंग हा पयला टाक," ती म्हणाली. "सरकारी त्याच्या खाली."

"नक्की? पयलं ते पयलं असतं हां, मावशे."

"अरं, तू चड्डीत फिरत होता तवापास्नं नावं लिवून देतेय मी."

दुकानातली माणसं हसली. चंदूही हसला. सपनानं तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं. मोबाइलवर ओटीपीचा नंबर आला, चंदूनं तो टाकला आणि बटण दाबलं.

निकालाच्या दिवशी दुपारी तिघंही टेकाडावर चढली. सपनानं कॉलेजचा नंबर लावून दिला आणि सोमीनं मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"साहेब, पोर जेवायचा घरून आणेल. भाकर, चटणी. मेस नको."

पलीकडचा माणूस नीट बोलत होता. मेस सगळ्यांनाच आहे, म्हणाला.

"मंग अर्धी मेस? एक टाइम?"

"तसं नसतं, बाई. शिष्यवृत्ती नंतर जमा होते तुमच्या मुलीच्या खात्यावर. पण आम्हाला आधी भरावे लागतात."

"नंतर म्हणजे कवा?"

"ते आमच्या हातात नाही."

सोमीनं मोबाइल सपनाकडं दिला. मग ढवळू म्हणाला, "आता वहीत नाव चढला ना? बोल ना आता हळूच. जमलं तर मोठीकडं बघा."

सोमीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो खाली बघून तंबाखू मळायला लागला. ओल्या हातात ती मळलीही जाईना. थोड्या वेळानं म्हणाला, "मुकादमाकडनं उचल घेऊ. दोन सालांची."

"नको," सपना म्हणाली. "यंदा उचल, पुढच्या साली उचल. चार वर्षं मी तठं बसून तुमचे दिवस मोजू का? मना नाय जायचा."

"मंग काय करशील? घरी बसशील?"

पाड्यावर बारावी झालेल्या आणखी दोघी होत्या, रुपी आणि सकू. दोघीही एक वर्षच घरी बसणार होत्या. दोघींची लग्नं झाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं मायलेकी जव्हारला गेल्या. विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी सपना तिथल्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात दोन रात्री राहिली होती. तिथल्या गृहपाल पुष्पा मॅडम तेवढ्या तिच्या ओळखीच्या. मॅडमनी छत्री दारात उघडीच ठेवली होती आणि आतल्या बादलीत छताचं पाणी टपटपत होतं. त्यांनी कागद एकेक करून बघितले. पसंतीच्या यादीवर त्यांचं बोट थांबलं. त्या रागावल्या नाहीत, चुकचुकल्याही नाहीत.

"असं दर वर्षी पाच-सहा जणींचं होतं," म्हणाल्या.

"चूक माझी हाय, मॅडम," सोमी म्हणाली. "पोरीच्या नावावर नका लिवू."

"कुणाच्याच नावावर लिहीत नाही, बाई. बसा, चहा घ्या." मग सपनाकडं वळून म्हणाल्या, "इथल्या कॉलेजात बी.एस्सी.ला जागा आहेत. फी माफ. गुणांवर माझ्याकडं राहायला जागा होईल, राहणं-जेवण फुकट. शेतीची प्रवेशपरीक्षा मेमध्ये पुन्हा दे. पण वर्ष घरी काढू नकोस. घरी बसलेल्या पोरी परत आलेल्या मी फार कमी बघितल्यात."

"मेमध्ये परत एवढे पडतील का?" सपनानं विचारलं.

"ते मी कशी सांगू?"

चहा गोड होता. सोमीनं तो बशीत ओतून संपवला तेव्हा तिला आठवलं की कालपासून तिनं धड काही खाल्लं नव्हतं.

कॉलेजच्या ऑफिसात गर्दी नव्हती. खिडकीपलीकडच्या कारकुनानं फॉर्म पुढं सरकवला. "विषय कोणकोणते, नंबरानं सांगा," म्हणाला. बोलताना तो सोमीकडंच बघत होता. मोठं माणूस तीच होती. सोमीच्या ओठांवर काहीतरी आलंही. सवयच ती. मग ती उठली.

"मी भायेर हाय," म्हणाली आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

बाहेर पागोळ्या गळत होत्या. एक कुत्रं भिंतीला चिकटून झोपलं होतं. आतून सपनाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. सोमीनं कान दिला नाही असं नाही, पण ती जागची हलली नाही. पंधरा-वीस मिनिटांनी सपना पावती घेऊन आली. फी सोडून बाकीच्या किरकोळ खर्चाचे अकराशे रुपये लागले होते. वसतिगृहाची यादी शनिवारी लागायची होती, पण मॅडमनी खोलीचा नंबरसुद्धा सांगून ठेवला होता. काय लिहिलंस, हे सोमीच्या तोंडाशी आलं.

"भूक लागली का?" तिनं विचारलं.

स्टँडवर दोघींनी एकेक वडापाव खाल्ला. जीप भरेपर्यंत तासभर गेला. मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसल्या, मधे कुणाचं तरी खताचं पोतं. वळणावर वळणं गेली आणि सपना काचेकडं बघतच म्हणाली, "आये, मना माहीत होता. पयला लिवलेला पक्का होतो ता. सरांनी बदलीच्या आधी सांगला होता."

सोमीनं मान फिरवली. "मंग बोललीस का नाय?"

"तुला विचारला होता ना त्यानं."

"मंग?"

"मंग काय. कधी नाय ता कुणी तुला विचारला होता."

हे ऐकून सोमीला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. "येडी हायस का तू?" ती म्हणाली, आणि आवाज चढल्यानं पुढचा माणूस वळून बघायला लागला, तसा तिनं तो उतरवला. "एक वर्ष गेला तुझा. मी काय रडली असती? दुकानात बोलली असतीस तर चार माणसं हसली असती. माझ्यावर हसली असती. हसू दे ना."

"हां."

"हां काय? पुढच्या बारीला बोल. माझा तोंड दाब आन बोल."

"चारचौघांत?"

"चारचौघांत."

सपना हसली. हसता हसता तिनं नाक पुसलं. सोमीला हसू आलं नाही, पण तिनं पोतं जरा पुढं ढकललं आणि पोरीला टेकायला जागा केली. साखरशेतच्या फाट्यापर्यंत सपना झोपली होती, तोंड उघडं टाकून, आईच्या दंडावर सगळा भार देऊन. दंडाला मुंग्या आल्या. सोमीनं तो काढला नाही. शनिवारनंतर पोरगी पुन्हा जायची होती. म्हणजे पुन्हा दिवाळी, पुन्हा मे. मेमध्ये परीक्षा. तेव्हा आपण बागेतून परतलेले असू, एवढं तिनं मनात धरलं. त्याच्यापुढचं तिला काही दिसेना, आणि बघायला त्राणही नव्हतं.

घरी पोचल्या तेव्हा ढवळू पडवीत बैलांच्या मानेला तेल चोळत होता.

"झाला?"

"झाला. जव्हारात."

"कितीला?"

"अकराशे."

त्यानं हात थांबवला. "आन ती शेतीची शाळा?"

"पोर मेमध्ये परत बसणार हाय."

"बरा," तो म्हणाला आणि दुसऱ्या बैलाकडं वळला. थोड्या वेळानं बैलालाच सांगितल्यासारखं बोलला, "काल टेकाडावर मी उगाच बोललो."

"ठाव हाय मना," सोमी म्हणाली.

तिनं ओलं लुगडं पिळून दांडीवर टाकलं. चुलीमागची लाकडं दमट झाली होती. त्यातली दोन तिनं कोयत्यानं चिरली, आतला कोरडा भाग बघून चुलीत घातला, फुंकणी उचलली. पहिल्या दोन फुंकांना नुसता धूर आला. डोळे पुसून तिनं तिसरी मारली. लाकूड धरल्यावर तवा ठेवला, परातीत नाचणीचं पीठ घेतलं आणि गरम पाण्याचा हात लावून मळायला बसली.