मामूने मेन स्विच पाडला

मामू कीबोर्ड बडवू लागला की शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकू यायचा नाही. पट्टा तुटला की काय म्हणून गिरणीवाला घाबरून बघून यायचा. लातुरातल्या आमच्या कोचिंग क्लासचा कॉम्प्युटर या मामूच्या हाती होता.

पेपर गोळा होतात न होतात तोच निकाल भिंतीवर हवा, हा डायरेक्टरसाहेबांचा हट्ट. म्हणून मामूने डिस्कचं राइट कॅशिंग चालू केलं. मार्क आधी मेमरीतच थांबायचे, डिस्कवर सावकाश उतरायचे. मशीन मात्र ‘लिहिलं’ म्हणून मोकळं व्हायचं.

“लई फास्ट केलं बघा, सर! पोरगं पेपरात झोपलं तर उठायच्या आत नापास!”

“आणि लाईट गेली तर?”

“यूपीएस हाय की!”

होता. पुढे त्याची बॅटरी साहेबांनी केबिनमधल्या टीव्हीला नेली. कॅशिंग तसंच राहिलं.

भूकंपात मामूचा धाकटा भाऊ ढिगाऱ्यातून धडधाकट बाहेर आला आणि विजेच्या तुटलेल्या तारेवर पाय पडून जागीच गेला. तेव्हापासून भांडं वाजलं तरी मामू आधी मेन स्विच पाडायचा, मग “बाहेर!” म्हणून ओरडायचा. सोयाबीनचा ट्रक गेला तरी अख्खा वर्ग रस्त्यावर.

वर्षभराच्या मार्कांचा बॅकअप तो त्याच डिस्कवर, जुन्या बॅकअपवरच चढवायचा; दुसरी डिस्क साहेबांना चैन वाटायची. त्या दुपारी पडद्यावर ‘बॅकअप पूर्ण’ उमटलं आणि मागच्या गल्लीत बोअरची गाडी सुरू झाली. खिडक्या थरथरल्या. मामूने स्विच पाडला. ‘पूर्ण’ म्हटलेलं बरंचसं अजून मेमरीतच होतं, ते विजेबरोबर गेलं. लिहिता लिहिता तुटल्याने डिस्कही बिघडली: मूळ मार्क अर्धे, बॅकअपही अर्धा.

“कुठं हाय भूकंप? दाखव मला!” साहेब गरजले.

“यायची वाट बघू का, साहेब? पोरी होत्या आत.”

“मार्क आण. न्हाईतर येऊ नको.”

मामूने ती डिस्क पार हैदराबादपर्यंत दाखवून आणली. काही निघालं नाही. साहेबांनी त्याला काढलं आणि आम्हा शिक्षकांना आठवून मार्क भरायला सांगितले. आम्ही भरले. ज्यांचे बाप मोठे, ते आम्हाला जास्त आठवले. गुणवंतांचे फ्लेक्स चौकाचौकांत लागले.

पुढे बसस्थानकावर मामू भेटला. नांदेडला मेहुण्याच्या दुकानात निघाला होता. मला बघून धावतच आला.

“सर, फ्लेक्स बघितला! मार्क निघाले म्हणायचे! मग साहेब आता बोलावतील न्हाई का मला परत?”

मी म्हणालो, “मामू, नांदेडची लागली बघा.”