आज तुमी जपान

"घ्या भाऊ, आज तुमी जपान," असं म्हणत ते माझ्यापुढे कप सरकवायचे, आणि कपात दूध नसायचं.

पवनीच्या बाजारात, माझ्या घरासमोर, त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या घरामागे माझी भात गिरणी. आता त्यांना ओळखणारे गावात थोडेच उरलेत, आणि तेही एवढंच सांगतात, की त्या माणसाच्या वायरलेसच्या खांबानं आमचे टीव्ही खराब केले. हे ऐकलं की मला बसवत नाही. उठतो, अंगणात फेऱ्या मारतो, परत येऊन बसतो. म्हणून आज लिहून टाकतो.

दुकानाच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः बांधलेलं वायरलेस यंत्र होतं. सरकारी परवाना रीतसर घेतलेला. नागपूरला ट्रंककॉल लावून माणूस जेवून यायचा, त्या सत्तरच्या दशकात हा गृहस्थ संध्याकाळी मोर्सच्या खटखटीवर जपान, पोलंड, रशियाशी बोलायचा. राजकारण बोलायला परवान्यात बंदी. मग बोलायचं काय? हवापाणी, यंत्राचे सुटे भाग, आणि चहा.

ठरल्या वेळी जो तो आपल्या टेबलावर दोन कप मांडायचा. एक स्वतःचा, एक दूरच्या सोबत्याचा, त्याच्या देशाच्या पद्धतीचा. हा दुसरा कप वाया जाऊ नये म्हणून दुकानात जो बसलेला असेल तो त्या दिवशी तो देश. पोलंडच्या चहात लिंबू, रशियाच्या चहात त्यांच्या बायकोनं घातलेला आंब्याचा मुरंबा. मी एकदा जपान असताना दूध मागितलं, तर म्हणाले, "जपान होऊन दूध मांगता? तो तिकडं तुमच्यासाठी दुधाचा पिऊन राहिला, त्याची तरी लाज ठेवा."

खटखट इंग्रजी खुणांची. पण कप उचलायच्या वेळी सगळे एकमेकांना एकच शब्द पाठवत, यांनीच शिकवलेला: घ्या. पोलंडवाला जपानवाल्याला 'घ्या' म्हणाला, त्या दिवशी यांनी अख्ख्या बाजाराला सांगितलं. "दोघं भेटले कुठं? पवनीत."

पुढे नागपूरचा टीव्ही आमच्याकडे दिसू लागला. गल्लीतला पहिला संच माझा. रविवारच्या सिनेमाला अर्धा बाजार ओसरीवर असायचा, आणि पडद्यावर रेघा. लोकांनी समोरचा उंच खांब पाहिला आणि निकाल लावून टाकला. "जपानसंगं चहा पिते अन् आमच्या हिरोईनले रेघा मारते," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

मला तोवर कळलं होतं. आदल्याच आठवड्यात गिरणीचा पट्टा तुटला, मोटार थांबली, आणि पडदा एकदम लख्ख झाला. माझी मोटार ठिणग्या मारत होती. पण धानाचा हंगाम ऐन भरात, आवारात पोत्यांची थप्पी. मोटार उघडायची म्हणजे गिरणी बंद. शिवाय त्या हसण्यानंतर सांगायचं तरी कसं?

शेवटी तेच आले, ओशाळलेले. "भाऊ, मी तिकडं कळ दाबतो. तुमी पडद्याकडं पाहा. रेघा वाढल्या का खिडकीतून हात वर करजा."

त्यांनी कळ दाबली. रेघा होत्या तेवढ्याच. कळ सोडली, तरी तेवढ्याच. मागे गिरणी चालूच होती. खिडकीतून मला त्यांचा कळीवरचा हात दिसत होता. तो खाली गेला की मी माझा वर करत होतो.

त्यांनी वाद घातला नाही. "आपल्यापायी लोकायले तरास काहून," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खांब उतरवला. रेघा तशाच राहिल्या. असर हळूहळू जाईल, असं लोक म्हणाले. हंगाम संपल्यावर मी मोटार दुरुस्त करून घेतली, आणि असर गेला.

त्यांना काही कळलं होतं का? त्यांच्या घरी टीव्ही नव्हता, आणि माझ्या ओसरीवर ते पुन्हा बसले नाहीत. मी दुकानात गेलो की चहा मात्र मिळायचा, दुधाचा. "घ्या भाऊ. आता तुमी पवनीच." यंत्रावर फडकं झाकलेलं असायचं. दोनतीन वर्षांनी ते गेले.

त्यानंतर एका हिवाळ्यात आमच्या गावातले जुने बौद्ध अवशेष पाहायला एक जपानी म्हातारा आला. अवशेष पाहून झाले आणि तो बाजारात बंद दुकानाचा पत्ता विचारत फिरला. लोकांनी माझ्याकडे आणून सोडलं. मोडक्या इंग्रजीत मी सांगितलं, ते आता नाहीत. त्यानं समोरच्या बंद दाराकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, मधेच एकाएकी का थांबले ते? आम्ही सगळे वाट पाहत होतो.

तेवढ्यात घरातून चहा आला. पाहुणा जपानचा म्हणून त्याच्यापुढे बिनदुधाचा कप, माझ्यापुढे दुधाचा. त्यानं दोन्ही कप पाहिले, हसला, आणि अदलाबदल केली. दुधाचा आपल्याकडे ओढला. काळा माझ्यापुढे सरकवला.

"घ्या," तो म्हणाला.

खिडकीत वर गेलेला माझा तो हात टेबलाखाली होता. तो वर येईना.