टायपरायटरवरच्या सुरकुत्या

दादू मूळचा आजऱ्याकडचा. गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो बरीच वर्षं पत्र्याच्या कपाटांना रंग मारायचा. कारखाना बंद पडल्यावर त्याने डिचोलीजवळ सर्वण गावात एक शेड भाड्याने घेतली आणि जुन्या लोखंडी वस्तू नव्यासारख्या करून द्यायला सुरुवात केली. टेबलफॅन, शिलाई मशिनी, मुरगावच्या बंदरातून भंगारात आलेले जहाजाचे दिवे, असलं काहीही त्याच्याकडे यायचं. गुळगुळीत रंग कुणीही मारतं; पण जुन्या मालावर असायचा तो बारीक सुरकुत्यांचा रंग त्याच्याइतक्या हौसेने करणारं आसपास कुणी नव्हतं.

भर पावसाळ्यात डिचोलीहून प्रिया नावाची एक मुलगी रिक्षातून टायपरायटर घेऊन आली. तिची आई, वत्सलाबाई, खाणीच्या ऑफिसात टायपिस्ट होती. निवृत्त होताना तिने आपलं मशीन मागून घेतलं होतं. आता कौल फुटून त्यावर पाणी गळलं होतं. रंगाला फोड आले होते, कडांना गंज धरला होता.

"आई मावशीकडे गेलीय पेडण्याला. ती यायच्या आत करून द्या. तिला सांगितलं नाहीये मी."

"जुना रंग समदा काढायचा न्हवं?" दादूने विचारलं.

"सगळा काढा. अगदी नवं दिसायला हवं."

दादूने रंग पत्र्यापर्यंत खरवडून काढला. गंज घासला, अस्तर मारलं. सुरकुत्यांचा रंग जाड द्यावा लागतो. एक हात उभा, एक आडवा, एक तिरका, आणि मग लगेच ऊब. वरची साय आधी सुकते, आतलं ओलं राहतं, आणि साय आक्रसून तिला चुण्या पडतात. पण हवा दमट असली की एका कडेला चुण्या पडतात आणि दुसरीकडे नुसता चिखल होतो. पहिल्या खेपेला तसंच झालं. त्याने सगळं पुन्हा काढलं, जुन्या कपाटात हीटर लावून ऊब धरली आणि दुसऱ्या खेपेला रंग असा बसला की बायको सिंधूसुद्धा बघत उभी राहिली.

मशीन पोचवायला तो स्वतः गेला. वत्सलाबाई आदल्याच दिवशी परतल्या होत्या. त्या भिंतीला हात लावत बाहेर आल्या, तेव्हा कुठे दादूला कळलं. मधुमेहाने त्यांची नजर गेली होती. प्रिया ते सांगायचं विसरली होती, की तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं, कोण जाणे.

"आई, हात लावून बघ ना!"

वत्सलाबाईंनी दोन्ही पंजे मशीनवर ठेवले. झटकन उचलले. पुन्हा ठेवले.

"हे कोणाचं गो?"

"तुझंच. ह्या दादूंनी रंग दिलाय नवीन."

"माझं न्हय हे." त्यांनी मशीनच्या पुढच्या कडेवर हात फिरवला. "माझं इथं मऊ होतं. मनगट टेकायची ना मी, तिथं. आणि ह्या कोपऱ्यावर टवका होता. त्याला बोट लावलं की हात आपोआप जाग्यावर बसायचे. दिसेनासं झालं तरी मी रोज रेडिओवरच्या बातम्या टाइप करत होते रे बाबा."

प्रिया रडायला लागली. दादूला तिचा राग आला नाही. तिने चांगलंच करायला घेतलं होतं. त्याने मशीन परत नेलं.

शेडमध्ये बसून तो बारीक पॉलिश पेपरने मनगटाची जागा घासू लागला. चुण्या दबल्या, जागा गुळगुळीत झाली. पण झिजलेलं आणि घासलेलं यांतला फरक त्याच्या स्वतःच्या बोटांनाही कळत होता. त्याने तेल चोळलं. फडक्याने रगडलं. कोपऱ्यावर अंदाजाने टवका पाडला. शेवटी मशीन घेऊन पुन्हा डिचोलीला गेला.

वत्सलाबाईंनी त्याचं बोट धरून पत्र्यावर फिरवलं. "इथून इथपर्यंत. न्हय, एवढं नको. थोडं खाली." तो जपून घासत राहिला. त्या मधेमधे हात लावून बघत, मान हलवत. एकदा त्याच्या बोटाला गार लागलं. रंग संपून पत्रा उघडा पडला होता.

"बाई, पुन्यांदा समदा काढून मारतो," तो म्हणाला. "म्हणाल तसा."

"तू तरी काय करशील?" त्यांनी हात मांडीवर घेतले. "पुरे, दादू."

प्रियाने चहा आणला. तो कपात तसाच निवला. वत्सलाबाईंनी एकदा टायपायला बोटं ठेवली. दोन-चार कळा दाबल्या, चुकल्या असाव्यात, कारण त्या थांबल्या. दादूला जे काही येत होतं ते सगळं हातांचं होतं, आणि हातांनी करण्यासारखं तिथे आता काही उरलं नव्हतं.

"ह्या रंगाचा वास कधी जाईल?" त्यांनी विचारलं.

"जाईल पंधरा दिवसांत. पावसामुळं वाईच वेळ लागंल."

"मग ते जनेल उघडून ठेव जाताना."

दादूने खिडकी उघडली, फळीला काठीचा टेकू दिला आणि चपला घातल्या.