डाव्या पायाचे वॉट

आमच्या सायकलवाल्या ग्रुपमध्ये माणसं नाहीत, नुसते आकडे आहेत. शनिवारी मुंबईहून आमच्या अलिबागला येतात, किती तास झोपलो आणि सकाळी नाडी किती होती ते ग्रुपवर टाकतात, आणि रेवदंड्याला वाळत घातलेल्या मासळीचा वास आला की नाक दाबतात. ट्रायथलॉन करणार म्हणे! समुद्रात पोहायचं, एकशे ऐंशी किलोमीटर सायकल मारायची, वर मॅरेथॉन पळायची, आणि यांना बोंबलाचा वास सोसत नाही. मला ही मंडळी डोळ्यांसमोर नको व्हायची. आणि त्याच शर्यतीत नाव घालून, त्यांच्यापेक्षा मोठा आकडा यावा म्हणून मी मरत होतो.

आकडा म्हणजे वॉट. वीस मिनिटं जीव तोडून पॅडल मारायचं, जी सरासरी येईल तिच्यातून पाच टक्के वजा करायचे, ती तुमची तासाभराची कुवत. पुढचं सगळं ट्रेनिंग त्यावर. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, मला कुणी वॉट शिकवायची गरज नव्हती. त्यातल्या त्यात स्वस्त, डाव्या क्रँकवर, म्हणजे पॅडलच्या दांड्यावर बसणारं मीटर घेतलं, पडवीत चाक जागच्या जागी फिरेल अशा स्टँडवर सायकल चढवली आणि बायकोला घड्याळ घेऊन उभं केलं. विसाव्या मिनिटाला उलटी व्हायचीच बाकी होती. आकडा आला दोनशे चाळीस. ग्रुपवर टाकला, सगळ्यांची दातखीळ बसली.

"अहो, हे यंत्र उजव्या बाजूला कुठे आहे?" बायकोने विचारलं.

"नसतं. डाव्या पायाचं मोजतं आणि दुप्पट करतं. माणसाचे दोन्ही पाय सारखेच असतात."

ती माझ्या पायांकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणून आत गेली. हिला काय कळतंय, असं मी मनात म्हटलं.

दहाव्या वर्षी मी आमच्याच वाडीतल्या सुपारीवरून पडलो होतो. उजवी मांडी मोडली, जुळली, पण पुन्हा कधी भरली नाही. शाळेत पोरं लंगड्या म्हणायची. तेव्हापासून मी चारचौघांत पाय उघडा ठेवला नाही. मे महिन्यातसुद्धा सायकलवर घोट्यापर्यंत घट्ट पँट. दोनशे चाळीसमध्ये तो लंगड्या कुठेच दिसत नव्हता. खरं सांगतो, मला शर्यतीपेक्षा हेच हवं होतं.

पुण्याच्या कोचने त्या आकड्यावरून गणित मांडून दिलं. अमुक वॉट धरून ठेवा, सायकल वेळेत संपेल, तासभर हाताशी राहील. वेळेत संपली नाही तर शर्यतवाले तिथेच थांबवून गाडीत बसवतात. सगळ्या कॉलेजला सांगून बसलो होतो, गाडीतून परत येणं मला परवडणारं नव्हतं.

रंगीत तालीम म्हणून अलिबाग ते काशीद असे फेरे मारायचे ठरले. बरोबर मेव्हणा. थळला शाळेत मास्तर आहे. वजन माझ्याएवढंच, सायकल माझ्याहून जुनी, मीटरबिटर काही नाही. "दम लागला की हळू, दम आला की जोरात, भावोजी." एवढंच त्याचं शास्त्र! मला हसू आवरेना. मी कोचचा आकडा काटेकोर धरला, एक वॉट इकडे नाही की तिकडे नाही. पहिल्याच फेरीत रेवदंड्याचा पूल ओलांडेपर्यंत मेव्हणा दिसेनासा झाला. शेवटच्या फेरीला काशीदला पोचलो तेव्हा तो शहाळं संपवून आतली मलई खात बसला होता. मी कोचच्या वेळेच्या कितीतरी मागे होतो. शर्यत असती तर गाडीतच बसलो असतो.

"समोरून वारा होता," मी म्हटलं.

"मलाही होता की," तो म्हणाला.

घरी येईपर्यंत मी टायरला शिव्या घातल्या, चेनला घातल्या, रस्त्याच्या ठेकेदाराला घातल्या. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सायकल स्टँडवर लावा. डावा पाय काढून स्टुलावर ठेवा. आता नुसत्या उजव्याने मारा."

मारायला लागलो. मांडी थरथरत होती, हँडलवर घाम गळत होता. मीटरच्या स्क्रीनवर शून्य. आणखी जोर लावला. शून्य. दोनशे चाळीस म्हणजे नुसती डाव्याची दुप्पट, हा पाय त्यात कधी मोजलाच नव्हता; खरा आकडा कितीतरी कमी होता. फिजिक्सचा मास्तर मी! वर्गात एखाद्या पोराने न मोजता दोन्ही बाजू समान धरल्या असत्या, तर त्याची सगळ्यांसमोर लाज काढली असती.

"चाक तर फिरतंय हो," बायको म्हणाली.

फिरत होतं. मीटर तसंच शून्यावर आणि मागचं चाक घरघर फिरत होतं, त्या वाळक्या पायावर. चाळीस वर्षं हा पाय मला घेऊन हिंडला आणि चाळीस वर्षं मी त्याला लपवत आलो. त्या मशीनने माझ्याहून वेगळं काय केलं होतं?