मावशीच्या फुग्यांचे कुत्रे

माझी मावशी पडदे शिवायच्या दुकानात कामाला. गेल्या वर्षी जिन्यात पाय घसरला आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं लाकडासारखी ताठ. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. मावशी लगेच कंटाळली. मग माझ्या मुलीच्या वाढदिवसाचे उरलेले लांबट फुगे तिच्या हाती लागले आणि तिने कुत्रा करायला घेतला.

पहिला कुत्रा धाडकन फुटला. दचकून काकांनी चहा शर्टावर सांडला.

"हे घरात चालायचं नाही," काका म्हणाले.

"बरं, गॅलरीत बसते."

गॅलरीत तिने फुग्यांचा फडशा पाडला. शेवटी गोम कळली. फुगा टम्म भरायचा नाही. शेपटीकडे चार बोटं रिकामी ठेवायची, म्हणजे पीळ देताना सरकणाऱ्या हवेला जागा मिळते. गाठ मारण्याआधी थोडी हवा सोडायची, म्हणजे रबर मऊ पडतं. पीळ नेहमी एकाच दिशेने द्यायचा, नाहीतर आधीचा सुटतो. तोंडाचा फुगीर भाग चिमटीत धरून ठेवायचा आणि दोन्ही कान एकमेकांशी पिळून टाकायचे. पायांचंही तसंच.

"जोडीने बांधले की सुटत नाहीत," ती म्हणायची.

"आपल्यासारखे," काका पुटपुटायचे.

एका सकाळी तिचा पिवळा कुत्रा वाऱ्याने गॅलरीतून खाली अंगणात पडला. खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमन राहतात. त्यांचा खराखुरा कुत्रा भलताच द्वाड. चपला, छत्र्या, एकदा तर मालकाचा चष्माही त्याने चावून ठेवलेला. तो धावत आला आणि त्याने पिवळ्याची मान तोंडात धरली. काकांनी कानात बोटं घातली.

काहीच झालं नाही. तो पिल्लू उचलावं तसा फुगा उचलून जिन्याखाली गेला आणि त्याला कुशीत घेऊन झोपला.

"अरे लबाडा!" पोस्टमन कमरेवर हात ठेवून म्हणाले. "मग माझ्याच चष्म्याला का दात लावलेस?"

फुगा सुरकुतला, तसा तो द्वाड जिना चढून मावशीच्या दारात येऊन बसला. तोंडात पिवळं लोंबतं कातडं. मावशीला हसू आवरेना. तिने तिथेच दुसरा करून दिला.

तेव्हापासून तो नेमाने येतो. या कामात मावशीची बोटं कधी मोकळी झाली, तिलाही कळलं नाही. आता ती पुन्हा मशीनवर बसते आणि घरी आली की आधी याची मागणी पुरवते. पंप मारायचं काम काकांकडे असतं. परवा पिवळे संपले म्हणून तिने लाल कुत्रा पुढे केला. गिऱ्हाइकाने तो हुंगला, मावशीकडे पाहिलं आणि तिथेच फतकल मारून बसला. काका निमूटपणे चपला घालून पिवळे फुगे आणायला गेले.