जावेसारखा हॉल

चाचाक गावात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. डावीकडे थोरला भाऊ बुदिमीर आणि त्याची बायको रादिंका, उजवीकडे धाकटा भाऊ आणि त्याची वेरित्सा. रादिंका स्वभावाने वाईट नव्हती. हाताला चव होती, कुणाचं दुखलंखुपलं की आधी धावायची. पण जावेकडे नवा चमचा आला तरी हिच्या पोटात दुखायचं, आणि तेही साठी उलटल्यावर.

त्या वर्षी वेरित्साने पॅसेज आणि हॉल पांढराशुभ्र करून घेतला. रादिंका बघायला गेली, "छान झालंय हो" म्हणाली आणि घरी येऊन भांडी आपटत बसली. तिच्या पॅसेजला बुदिमीरने तरुणपणी ठोकलेल्या गडद लाकडी फळ्या, हॉलमध्ये भिंतभर कपाट, क्रोशाचे रुमाल, लाल गालिचा. चाळीस वर्षं त्यातलं काही तिला खुपलं नव्हतं. आता सगळंच खुपायला लागलं.

खरी धास्ती वेगळीच होती. डिसेंबरात संत निकोलाचा सण, म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं, ज्यांना यायचं ते आपणहून येतात. सण दोन्ही घरी एकदमच. चुलतसासरे तिहोमीरकाका, वय सत्याऐंशी, ज्या घरी जेवायला बसतील तिथेच बाकीचं गोत बसायचं. आजवर ते रादिंकाकडेच बसत आले होते. तो मान आता समोरच्या दारात जाणार, या विचाराने ती आतून पेटली होती.

पैसे नव्हते, म्हणून अंगमेहनत केली. फळ्या पॉलिश पेपरने घासघासून तिने बोटांची सालं काढली.

"या फळ्या मी स्वतः रंधा मारून बसवल्यात," बुदिमीर म्हणाला.

"म्हणूनच वाकड्या आहेत. ब्रश धर."

"उद्या वेरित्साने केस कापले तर तू टक्कल करशील."

"रंग सांडतोयस. खाली बघ."

फळ्यांमधल्या फटी लांबी भरून सपाट केल्या, वर तीन हात पांढरा रंग बसला. कपाट मधोमध कापून बुटकं केलं. जुन्या राखाडी पडद्यांचे सोफ्याला अभ्रे शिवले. जुन्या बाजारातून आरसा आणला आणि वेरित्साने जिथे टांगला होता, बरोब्बर तिथेच टांगला. गालिचा पलंगाखाली गेला. संताची तसबीर तर दोन्ही घरी आधीपासून सारखीच होती. सगळं झाल्यावर ती दारात उभी राहिली आणि कित्येक महिन्यांनी तिला जरा गार वाटलं.

सणाला बुदिमीर पूजेचा पाव घेऊन चर्चमध्ये गेला होता. चुलीवर माशाचं सूप उकळत होतं. पहिली घंटा वाजली ती तिच्याच दाराची. तिहोमीरकाका आले. डोळ्यांत मोतीबिंदू, कानांनी अर्धवट. पॅसेजच्या भिंतीवरून हात फिरवत ते हॉलमध्ये आले आणि सोफ्याच्या कडेला टेकले. टोपी हातातच ठेवली.

"कॉफी कर पोरी, अर्धाच कप. जेवायला मात्र थांबवू नकोस."

"का हो काका?"

"समोर रादिंकाकडे जेवायचंय. तुझं घर झकपक आहे गं वेरित्सा, पण दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. तिच्याकडे भिंतीला हात लावला की फळी लागते, कुठे आलोय ते कळतं. आणि इथे जेवलो तर ती जळेल. जीव लावते सगळ्यांना, पण जळकी आहे बिचारी."

रादिंका कॉफीच्या भांड्याकडे वळली. मीच ती, असं सांगायचं तर ते 'जळकी' आपल्याच पदरात घ्यायचं. तिने कॉफी दिली. काकांनी दोन घोट घेतले, काठी टेकत समोर गेले आणि घंटा वाजवली. रादिंका मागोमाग आपल्या दारात आली. वेरित्साने दार उघडलं. काकांनी आत बघितलं, पांढरं. वळून मागे बघितलं, तेही पांढरं.

"पोरींनो, रादिंका राहायला कुठे गेली?"

"अहो काका, तुमच्या मागेच उभी आहे की," वेरित्सा हसली.

काकांनी डोळे बारीक करून रादिंकाचा चेहरा न्याहाळला. आपण कुणाजवळ काय बोलून बसलो ते त्यांना कळलं आणि कान लालभडक झाले. "दिसत नाही मला हल्ली," असं पुटपुटत, तिच्याकडे मान वर न करता, ते वेरित्साच्या घरात शिरले. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जरा वेळाने पाहुणे जिना चढून आले, काका कुठे बसलेत ते विचारलं आणि उजवीकडे वळले.

रादिंका पळी हातात घेऊन आपल्या दारात उभी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वेरित्साचा हेवा वाटत नव्हता. वाटत होता तो त्या रादिंकाचा, जिच्या घरी जेवायचं म्हणून काका पोट रिकामं ठेवून निघाले होते.