चिंधी बांधलेलं टमाटं

आमच्या शेजारच्या आजोबांइतका टोमॅटोला शिस्त लावणारा माणूस अख्ख्या परभणीत सापडायचा नाही. बाळांनो, तुम्ही तिकडून त्यांना फोनवर हात हलवताना पाहिलं आहे, पण त्यांचा खरा स्वभाव अंगणात दिसतो. फळाला रंग धरू लागला की ते झाडाचं पाणी तोडतात. पानं माना टाकतात, त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, जीव कासावीस होतो, आणि हे खुर्ची टाकून पहारा करतात. एकदा मी भिंतीवरून तांब्या पुढे केला, तर म्हणाले, "वहिनी, लाड करू नका. लय पाणी पिलं की फळ फुगतंय अन् चव पळतीय." बाजारातल्या टोमॅटोला ते टोमॅटो म्हणतच नाहीत, "लाल पाणी" म्हणतात. तोडलेलं फळ सुरीनं कापलेलं त्यांना खपत नाही. दातानंच फोडायचं, आणि तेही झाडापाशी उभं राहून.

हे वाण त्यांच्या आईनं झरीहून आणलेलं. पातळ सालीचं, आधी आंबट लागून मग गोड होणारं. दरवर्षी सगळ्यात देखण्या फळाला ते लाल चिंधी बांधत, म्हणजे ते बियाण्याचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. हंगामातली बाकीची फळं गल्लीत वाटून संपत, हे एकच झाडावर उरे.

नेमका धोंड्याचा महिना आला आणि त्यांचे धाकटे, मानाचे नवे जावई जेवायला आले. जेवण होईपर्यंत पाय मोकळे करायला अंगणात गेले आणि परतले ते चिंधीसकट टमाटं हातात घेऊन. "मामा, माझ्यासाठी राखून ठेवलं होतं वाटतं!" त्या महिन्यात जावयाला कोण बोलणार? आजोबांनी स्वतः उठून मीठ आणून दिलं. मी समोरच बसले होते. जावई खात होते आणि आजोबा प्रत्येक घासाबरोबर गिळत होते.

"वा! अजून आहे का?"

"न्हाई," आजोबा म्हणाले. "आता न्हाईच."

मागचं बी तर सगळं पेरून संपलेलं. नंतर ते घरोघरी विचारून आले, पण त्यांचं टमाटं कुणाकडे शिल्लक राहतं का! आठवडाभर त्यांनी खुर्चीसुद्धा अंगणात काढली नाही.

पावसाळ्यात मोरीच्या तोंडाशी एक रोप उगवलं. जावयाच्या ताटातल्या रसाचं की काकूंनी धुतलेल्या बाजारच्या टमाट्याचं, देव जाणे. आजोबांनी खुर्ची तिकडे हलवली; साबणाचं पाणी नको म्हणून काकूंची भांडी पार पुढच्या नळाखाली गेली. "मला भांडी घासायला पाथरीला पाठवा एकदाचं," काकू म्हणायच्या. शेवटी पहिलं फळ पिकलं आणि आजोबा ते दोन्ही हातांत धरून माझ्या दारात आले.

"वहिनी, तुमी खाऊन बघा. माझी हिंमत होईना."

मी दातानं फोडलं. आधी आंबट, मग गोड. उरलेलं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चाखलं आणि बराच वेळ पाठ फिरवून पायरीवर बसून राहिले.

त्या झाडाचं बी त्यांनी राखेत वाळवून गल्लीभर वाटलं. "एकाच घरात ठेवलं की एका जावयात संपतंय," म्हणाले. तुम्हा दोघांच्या पुड्या माझ्या कपाटात आहेत. पोस्टानं पाठवू का, असं विचारलं तर म्हणाले, "न्हाई. लेकरांना म्हणावं, येऊन न्या."

"तोवर बी टिकेल का हो?"

"दोन-तीन वर्षं टिकतंय की." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तेवढं आपण पण टिकू, वहिनी."